शुभांगी फोन करते

योगेश डॉक्टरांच्या दवाखान्यातून पेशंटला उलट फोन येत नाही, हे आमच्या नाशिकच्या जेल रोडच्या कॉलनीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. तुम्ही फोन केलात की एक मुलगी उचलते. आवाज खणखणीत, उच्चार स्वच्छ. तुमचं सगळं ऐकून घेते, मध्ये तोडत नाही, नाव आणि नंबर परत म्हणून दाखवते आणि सांगते, "डॉक्टरांना विचारते आणि तुम्हाला फोन करते." झालं! मग तुम्ही आणि तुमचा फोन, बसा एकमेकांची तोंडं बघत.

ती मुलगी म्हणजे शुभांगी. लिहायचं आहे ते तिच्याबद्दलच, पण आधी माझा राग सांगते, कारण आमची ओळख झाली ती रागातून.

मी टेलिफोन खात्यातली. बी.एस्सी. झाले आणि ट्रंक एक्स्चेंजला ऑपरेटर म्हणून चिकटले, ती सुपरवायझर होऊनच बाहेर पडले. कॉलनीत अजून मला 'ऑपरेटर काकू' म्हणतात. कानाला हेडफोन, समोर दिव्यांचा बोर्ड आणि लाइनवर दोन्हीकडून ओरडणारी माणसं, यात माझं तारुण्य गेलं. "थांबा, लावून देते" असं एकदा म्हटलं की मध्यरात्र झाली तरी लावून द्यायचा, ही आमची रीत. लावून देते म्हणून विसरणाऱ्या मुलींना मी रडवलेलं आहे. तेव्हा "फोन करते" म्हणून न करणं हे माझ्या लेखी साधा आळस नाही, ती लबाडी आहे.

माझं काम एका वाक्याचं होतं. मला रक्त पातळ राहण्याची गोळी चालू आहे, ती योगेश डॉक्टरांची. उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू पिकला. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, ऑपरेशनच्या आधी ही गोळी घ्यायची की थांबवायची, ते तुमच्या हार्टच्या डॉक्टरांना विचारून या. घ्यायची की थांबवायची? एवढंच. मी फोन केला. "विचारते आणि फोन करते." दुसऱ्या दिवशी परत केला. "हो आज्जी, करते." फोन काही आला नाही. म्हणजे फोन येत होते, नाही असं नाही. पर्सनल लोनवाले येत होते, विमावाले येत होते, आणि एक 'दिनेश प्लॉट' नावाचा चिकट प्राणी येत होता. माझ्या भाच्याने फोनमध्ये सोय करून दिली आहे, अनोळखी नंबर आला तरी कोणाचा ते नाव दिसतं. त्यामुळे असल्या लोकांना मी हॅलोसुद्धा म्हणत नाही. नाव वाचलं की बोट सरकवायचं.

संध्याकाळी कॉलनीतल्या बाकावर विषय काढला तर प्रत्येकाकडे हीच कथा. मोहिनीबाईंच्या साखरेचा रिपोर्ट तिथे पडून होता. देवरामभाऊ नोटांच्या प्रेसमधून रिटायर झालेले, त्यांची ब्लडप्रेशरची गोळी बदलायची होती. ते म्हणाले, "ऑपरेटर काकू, तुमचं खातं बुडालं आणि उलट फोन करायची पद्धतही त्याच्याबरोबर बुडाली बघा."

"खातं बुडालेलं नाही," मी म्हटलं.

"बरं, गटांगळ्या खातंय म्हणा."

दुसऱ्या दिवशी मी सरळ रिक्षा केली. फोन घरी चार्जिंगला होता तो तसाच राहू दिला. त्याचा उपयोग काय होता? कुंभमेळ्याच्या नावाने सगळा रस्ता खणून ठेवलाय, त्यामुळे रिक्षा अलीकडेच सोडून खडीतून चालत दवाखाना गाठला. म्हणजे मी पोचले तेव्हा चांगली तापलेली होते.

काउंटरमागे शुभांगी. वय पंचविशीचं, अंगाने काटक, केस घट्ट बांधलेले, उभं राहण्याची ढब एनसीसीतल्या मुलीसारखी. समोर एक लँडलाइन आणि शेजारी एक छोटा साधा मोबाइल. मी नाव सांगितलं आणि विचारलं, "फोन करणार होतीस ना?"

"केला होता, आज्जी."

"मला आलेला नाही."

"दोनदा केला. तुम्ही कट केला."

माझ्या मागे रांगेत कोणीतरी हसलं. "सगळ्यांना हेच सांगती ती," एक बाई म्हणाल्या.

मी पोरीकडे नीट बघितलं. खोटं पकडलेला माणूस कसा बघतो ते मला ठाऊक आहे. तो एक तर कावराबावरा होतो, नाही तर अंगावर येतो. ही दोन्हीपैकी काही करेना. उलट माझ्याकडे काळजीने बघत होती, लग्नात रुसलेल्या आत्याकडे बघावं तसं. मग म्हणाली, "पण तुम्ही आलात हे लय चांगलं झालं. पंख्याखाली बसा. तुम्हाला पहिलं पाठवते." आणि खरंच, माझ्या आधीची माणसं बाजूला ठेवून मला आत पाठवलं. मला वाटलं, तोंड बंद करायची युक्ती.

डॉक्टरांनी फाइल बघितली. "गोळी चालूच ठेवा, काकू. ही चिठ्ठी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा." संपलं काम.

"हेच फोनवर सांगता आलं असतं," मी म्हटलं.

योगेश डॉक्टर मवाळ माणूस. चष्मा काढून पुसायला लागले. "तुम्ही एकट्या नाही म्हणत. रोज कोणीतरी म्हणतं. आता एक तारखेपासून मुंबईची एक कंपनी आपले फोन सांभाळणार आहे. शुभांगीला तसं सांगितलंय मी. मुलगी कामाला चांगली आहे हो, पण..."

"तिला विचारलंत का, फोन का करत नाही म्हणून?"

"विचारलं ना. म्हणते, करते. आता तोंडावर असं सांगणाऱ्या माणसाशी काय बोलायचं?"

चिठ्ठी पर्समध्ये घातली होती, घरी जायला हरकत नव्हती. पण माझं डोकं असं आहे की त्यात एखादी गोष्ट अडकली की मला भात गिळवत नाही. एक मुलगी म्हणते फोन गेला. गावभर माणसं म्हणतात आला नाही. नोकरी जाणार हे कळल्यावरसुद्धा ती तेच म्हणते. का? खोटं बोलणारा माणूस इतकं होईपर्यंत निदान खोटं तरी बदलतो. आणि मी भांडायला आले तर मला पंख्याखाली बसवते, हे काय प्रकरण आहे?

दुपारची वेळ झाली होती, पेशंट पांगले होते. मी काउंटरपाशी स्टूल ओढलं. "जेव तू. मला घाई नाही," म्हटलं. हे वाक्य मी आयुष्यात फार वेळा बोललेली नाही.

शुभांगी सायखेड्याची. गोदाकाठी मळा, घरचा भाजीपाला. बी.ए. झाली, मग पोलीस भरतीच्या मागे लागली. रोज सकाळी नदीच्या रस्त्याने पळायची. पळण्यात नंबरात होती, गोळाफेकीत मार्क गेले. "गोळा लय जड असतो, आज्जी. आणि मी फेकला की तो माझ्याच पायापाशी." आता इथे दवाखान्यात, आणि इथून सुटलं की जवळच लॅब टेक्निशियनचा कोर्स. रक्त काढायचं, काचपट्टी लावायची, हे तिला फार आवडतं. ते सांगताना भाकरीचा घास हातात तसाच राहिला.

"मग एक तारखेनंतर?"

"मंग काय! दवाखाना हाय म्हणून रोज नाशिक रोडला येऊ देतात. नुसत्या कोर्ससाठी कोण येऊ देणार? घरी बसले की आठ दिवसांत पाहुणे. आईने तर ताटल्या घासून ठेवल्यात." ती हसली आणि घास परत खाली ठेवला.

"शुभांगी, खरं सांग. फोन करतेस?"

"देवाशपथ करते. दुपारी, डॉक्टर जेवायला गेले की. लोक उचलत नाहीत. कट करतात."

"माझा नंबर काय आहे?"

तिने फाइल काढून वाचला. अगदी बरोबर. म्हणजे चुकीच्या नंबरला फोन जात होता ही माझी पहिली शंका तिथेच मेली. फोन माझ्याजवळ असता तर सोक्षमोक्ष तिथेच लागला असता, पण तो घरी भिंतीला टांगलेला. म्हटलं, "उद्या दुपारी मला फोन कर. मी फोन मांडीवर घेऊन बसते. बघू काय होतं."

"नक्की करते, आज्जी."

दुसऱ्या दिवशी मी लवकर जेवून घेतलं आणि खिडकीपाशी बसले. फोन समोर. आवाज मोठा करून ठेवला. आमच्या खात्यात लाइन तपासायची म्हटलं की असंच जिवाचे कान करून बसावं लागायचं. वाट बघतेय, बघतेय, आणि फोन वाजला. झडप घातली तर काय? दिनेश प्लॉट!

संताप आला मला. इथे एका पोरीच्या नोकरीचा प्रश्न, मी लाइन मोकळी ठेवून बसलेली आणि ह्या गृहस्थाला आत्ताच प्लॉट विकायचाय. कापला. जरा वेळाने पुन्हा तोच. पुन्हा कापला, आणि मोठ्याने म्हटलंही, "मेल्या, लाइन सोड!" मग उन्हं कलेपर्यंत बसले. दवाखान्याचा फोन नाही.

आता वाचणाऱ्यांपैकी अर्ध्याअधिकांना कळलं असेल. मला कळलं नाही. मला एवढंच कळलं की पोरगी खोटारडी निघाली. खरं सांगायचं तर माझा हिरमोड झाला. माणूस सरळ आहे असं ठरवल्यावर तो वाकडा निघाला की चहा बेचव लागतो.

तिसऱ्या दिवशी परत दवाखान्यात. या वेळी फोन पर्समध्ये. गर्दी होती, देवरामभाऊही बाकावर बसलेले, गोळी बदलून घ्यायला स्वतः आलेले. मी रांगबिंग न बघता काउंटरला गेले.

"काल केलास फोन?"

"दोनदा केला. दोनदा कापला." आता तिचे डोळे भरले होते. "आज्जी, तुम्ही तर सांगून बसला होतात. मंग का कापला?"

तेव्हा मला आमचे जुने इंजिनियर आठवले. लाइनीतला दोष घरी बसून सापडत नसतो, ते म्हणायचे. दोन्ही टोकं एका नजरेत आणा. काल एका टोकाला मी होते, दुसऱ्या टोकाला ती, आणि मध्ये सगळा खणलेला रस्ता. मी पर्समधून फोन काढला आणि काउंटरवर ठेवला. "लाव. आत्ता. माझ्यासमोर."

तिने लँडलाइनला हात लावला नाही. शेजारचा छोटा मोबाइल उचलला आणि पाठ झालेले आकडे दाबले. माझा फोन काउंटरवर थरथरायला लागला.

दिनेश प्लॉट.

आम्ही दोघी त्या नावाकडे बघत राहिलो. फोन वाजून वाजून गप्प झाला. "हा कोण?" शुभांगी म्हणाली.

"हा तू आहेस," मी म्हटलं.

उलगडायला वेळ लागला नाही. फाइलवर छापलेला नंबर लँडलाइनचा, लोक त्यावर फोन करतात. पण आपण त्याच्यावरून फोन लावत बसलो तर पेशंटला लाइन कशी मिळणार, म्हणून डॉक्टरांनी दिवाळीच्या सुमाराला हा वेगळा मोबाइल घेतला. येणारे फोन लँडलाइनवर, जाणारे मोबाइलवरून. व्यवस्था अगदी शहाणपणाची, मी स्वतः याहून वेगळी केली नसती. फक्त त्या सिमकार्डाला पूर्वजन्म होता. कोणी दिनेश नावाचा माणूस त्या नंबरावरून प्लॉट विकत होता. त्याने नंबर सोडला, कंपनीने तो पुन्हा विकायला काढला. पण शेकडो लोकांच्या फोनमध्ये तो 'दिनेश प्लॉट' म्हणूनच राहिला, आणि आमच्या फोनातली ती नाव दाखवणारी सोय सगळ्यांच्या फोनातलं नाव उचलते. आमच्याही वेळी असं व्हायचं. एका वकिलांचा नंबर एका लाँड्रीला मिळाला होता, आणि लाँड्रीवाला बिचारा वर्षभर लोकांना तारखा सांगत होता.

"पण सगळ्यांच्याच फोनवर नाव दिसत नसेल," मी म्हटलं. "साधे फोनवाले असतील, ते तर उचलत असतील. त्यांच्याशी काय बोलतेस?"

"नीटच बोलते."

"बोलून दाखव. मी पेशंट."

तिने मोबाइल कानाला लावला, घसा साफ केला आणि गोड आवाजात म्हणाली, "हॅलो मावशी! जेवण झालं का?"

"आणि पुढे?"

"पुढे त्यांनी बोलायचं ना. झालं म्हणायचं, तुझं झालं का विचारायचं. मंग घरचं कसं काय, पाऊसपाणी. मंग सांगायचं, डॉक्टरांनी असं असं सांगितलंय म्हणून."

"आधी दवाखान्याचं नाव नाही सांगत?"

तिने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की जणू मीच असंस्कृत. "आज्जी, फोन लावल्या लावल्या कामाचं बोलायचं? आमच्याकडं असं केलं तर म्हणतील, पोरीला वळण नाय."

मी स्टुलावर बसले. आख्ख्या जगात दोनच प्रकारची माणसं फोनवर अनोळखी बाईला जेवण झालं का विचारतात: सायखेड्याची माणसं आणि लोन विकणारी. मी तिला म्हटलं, "अगं, मग ते काय म्हणतात?"

तिने काउंटरवरचं पेन सरळ केलं, परत वाकडं केलं. "म्हणतात, आम्हाला नको. परत फोन करू नका. काहीजण लय वाईट बोलतात. लासलगावचे एक कांद्याचे व्यापारी हायेत, ते म्हणाले, तुमच्यासारख्यांनी लोकांना लुटायचा धंदा मांडलाय."

"मग तू काय समजलीस?"

"काय समजणार? आपले डॉक्टर त्यांना नको झालेत. दुसरीकडं गेलेत ते." तिने खाली कपाटाच्या सगळ्यात तळाच्या कप्प्याकडे बोट दाखवलं. तिथे फायलींची एक थप्पी वेगळी ठेवली होती. "ह्या सगळ्या गेलेल्यांच्या."

सगळ्यात वर माझी फाइल होती.

आता मला पंख्याखालची खुर्ची कळली. हिच्या हिशेबी मी दुसऱ्या डॉक्टरकडे जाऊन, तिथे न पटून परत आलेली पेशंट होते. जो येऊन भांडेल तो परत आलेला. त्याला चुचकारायचं, पहिलं आत पाठवायचं, म्हणजे पुन्हा जाणार नाही. आणि इकडे आम्ही म्हणत होतो, त्या दवाखान्यात आरडाओरडा केला तरच नंबर लागतो!

"हे डॉक्टरांना का नाही सांगितलंस?"

उत्तर यायच्या आत बाकावरून देवरामभाऊ ओरडले, "ओ ऑपरेटर काकू, तुमचं एक्स्चेंज बंद करा आता. आमचा नंबर कधी लागणार?"

मला हेच हवं होतं. मी शुभांगीला हळूच म्हटलं, "ह्यांना फोन केला होतास?"

"परवा. कट."

"आत्ता कर."

देवरामभाऊंच्या खिशात आरतीचा गजर सुरू झाला. सगळ्या खोलीने माना वळवल्या. त्यांनी फोन काढला, हात लांब करून वाचला आणि म्हणाले, "च्यायला, पुन्हा हा!" आणि बोट सरकवून परत खिशात.

"कोण हो?" मी विचारलं.

"अहो दिनेश प्लॉट! डोकं खाल्लंय मेल्यानं. हा मला ओझरच्या पुढे घेऊन गेला होता प्लॉट दाखवायला. बघतो तर शेतात मका उभा! म्हणे, काका, मका काढला की तुमचा प्लॉट."

"मलाही येतो त्याचा," पलीकडच्या बाई म्हणाल्या. "रोज दुपारी. माझ्या झोपेच्या टायमाला."

"मी तर ब्लॉकच केलाय," आणखी कोणीतरी म्हणालं.

सगळे एकदम बोलायला लागले तशी आतली कडी वाजली आणि योगेश डॉक्टर दारात आले. "काय चाललंय?"

"डॉक्टर, तिथेच उभे राहा," मी म्हटलं. "शुभांगी, देवरामभाऊंना परत लाव."

पुन्हा आरती. देवरामभाऊंनी फोन काढला, वाचला आणि या वेळी मान वर करून काउंटरकडे बघितलं. शुभांगी कानाला मोबाइल लावून त्यांच्याकडेच बघत होती. देवरामभाऊंनी एकदा फोनकडे बघितलं, एकदा तिच्याकडे.

"अगं," ते म्हणाले, "तू दिनेश?"

खोली अशी हसली की रस्त्यावरचा एक मजूर खोरं टेकवून दारातून डोकावला. डॉक्टर मात्र हसले नाहीत. त्यांनी स्वतःचा फोन काढला. "मला लाव," म्हणाले. लावला. त्यांच्या फोनवर 'रिसेप्शन' असं आलं. "मला तर बरोबर दिसतंय."

"तुम्ही तो नंबर नाव घालून ठेवलाय. आम्ही नाही ठेवलेला. आम्हाला दिनेश दिसतो," मी म्हटलं.

त्यांनी तो छोटा मोबाइल तिच्या हातातून घेऊन उलटा करून बघितला. मग शुभांगीला म्हणाले, "लोक फोन कापतात, नको म्हणतात, हे मला का नाही सांगितलं? मी विचारलं होतं ना तुला?"

"तुम्ही विचारलं, फोन करतेस का. मी म्हटलं, करते." तिचा आवाज आता काउंटरचा राहिला नव्हता, मळ्यातला झाला होता. "लोक तुम्हाला नको म्हणतात, हे कसं सांगायचं, सर? तुम्हाला वाईट वाटलं असतं. तुम्ही आधीच जेवत नाय नीट."

डॉक्टर आत गेले. दार लागलं. पुढचा नंबर कोणाचा हे सांगायचं शुभांगीला सुचेना, तेव्हा मीच देवरामभाऊंना आत ढकललं.

ते बाहेर आले ते हातात नवीन गोळीची चिठ्ठी नाचवत. "डॉक्टरांनी आधी त्या मुंबईच्या कंपनीला फोन लावला," ते म्हणाले. "माझं ब्लडप्रेशर मोजायचं सोडून! म्हणाले, सध्या थांबा. मग माझं मोजलं. मग म्हणाले, वाढलंय. वाढणारच ना!"

आता दुरुस्ती. मी म्हटलं, नवीन सिम घ्या. शुभांगी म्हणाली, "आणि ते आधी कोणाचं असेल, आज्जी? निदान हा दिनेश आता सगळ्यांच्या ओळखीचा तरी झालाय." मला हे पटलं नाही, पण खोडताही आलं नाही. मी म्हटलं, मग सगळ्यांनी आपापल्या फोनमध्ये नाव बदला. ते करायला सांगितलंच, पण म्हाताऱ्या माणसांना नाव बदलायला नातू लागतो, आणि नातू पुण्याला. शेवटी शुभांगीने जाड पेनाने एक पाटी लिहिली आणि पंख्याखालच्या खुर्चीच्या वर लावली:

'दिनेश प्लॉट यांचा फोन आल्यास कृपया उचलावा. तो आपल्या डॉक्टरांचा आहे.'

डॉक्टरांना ती पाटी दवाखान्याला शोभत नाही असं वाटलं. पण काढली नाही.

त्यानंतर आमच्या कॉलनीच्या बाकावरची भाषाच बदलली. मोहिनीबाई म्हणतात, "दिनेशचा फोन होता, साखर थोडी उतरलीय म्हणाला." देवरामभाऊंनी उत्साहाच्या भरात भलत्याच प्लॉटवाल्याचा फोन उचलला आणि त्याला आपलं ब्लडप्रेशर सांगितलं, तो बिचारा म्हणे दहा मिनिटं ऐकत होता. लासलगावचे व्यापारी मात्र अजून उचलत नाहीत. त्यांना पाटी दिसायला आधी दवाखान्यात यावं लागेल, आणि दवाखान्यात यायला आधी फोन उचलावा लागेल. शुभांगीने त्यांची फाइल तळाच्या कप्प्यातून काढून वर ठेवलीय आणि रोज दुपारी लावते. एक दिवस उचलतील म्हणते. मी तिच्या जागी असते तर कधीच सोडून दिलं असतं.

एक गोष्ट मी तिला बजावून सांगितली होती. फोन लागला की पहिलं दवाखान्याचं नाव, मग काम, मग हवं तर जेवण. तिने मान डोलावली. मला वाटलं, शिकली.

माझं डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं. गोळी चालूच होती. घरी आले, डोळ्यावर हिरवी पट्टी, आणि दुसऱ्या डोळ्याने मला जवळचं कधीच वाचता आलेलं नाही. एक तारीख उलटून गेली होती. दुपारी फोन वाजला. स्क्रीनवर काहीतरी नाव होतं, मला नुसता ढग दिसला. लोन असेल, विमा असेल, काहीही असेल. चाचपडत उचलला.

"हॅलो आज्जी! जेवण झालं का?"

"तुला काय सांगितलं होतं?" मी ओरडले. "आधी काय म्हणायचं?"

"हां, हां. योगेश डॉक्टरांच्या दवाखान्यातून बोलतेय. डॉक्टरांनी विचारायला सांगितलंय, गोळी घेताय ना, आणि डोळ्यातून रक्तबिक्त नाही ना?" मागे लँडलाइन वाजत होती, कोणाचं तरी मूल रडत होतं. "झालं कामाचं. आता सांगा ना, जेवण झालं का?"

"नाही झालं," मी म्हटलं. "भाजी अजून गॅसवर आहे."

"कशाची?"

आणि मी सांगत बसले.